अक्षर कुणाच्या बापाचं?

साथींनो,

आपल्या अभ्यासवर्गातली काही पोरं-पोरी सध्या कोरियन अक्षरं गिरवतायत. कुणी मोबाईलवरच्या मालिका बघून नादाला लागलंय, कुणाला रांजणगावच्या कोरियन कारखान्यात दुभाष्याची नोकरी दिसतेय. जुन्या कार्यकर्त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "वस्तीवर बुलडोझर यायची वेळ आली आणि तुम्ही कोरियन कसलं गिरवताय? हे काय चळवळीचं काम हाय का?" प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून जमणार नाही, म्हणून ह्या वेळचं संपादकीय त्याच्या उत्तरासाठी खर्ची घालतोय. ही अक्षरं मीही शिकलो. वळणं चार दिवसांत हातात बसली. त्यामागचा पावणेसहाशे वर्षांचा झगडा समजून घ्यायला मात्र बराच वेळ लागला. तो समजल्यावर माझं उत्तर ठरलं आहे. हे चळवळीचंच काम आहे. ते कसं, ते सांगतो.

पंधराव्या शतकातल्या कोरियात जोसोन घराण्याचं राज्य. वरच्या पायरीवर यांगबान, म्हणजे जमीनदार आणि पंडित एकाच अंगरख्यात. जमीन त्यांची, सरकारी जागा त्यांच्या, त्या जागांसाठीची परीक्षा त्यांची आणि लिपीही त्यांची. लिपी चिनी. लोकांनी बोलायचं कोरियन आणि राज्याने लिहायचं चिनी, असा कारभार. दोन्ही भाषांचा शब्दक्रम वेगळा, व्याकरण वेगळं. चिनीत एकेक चिन्ह म्हणजे एकेक शब्द. कामापुरतं वाचायचं म्हटलं तरी हजारो चिन्हं घोकावी लागतात. ज्याचं शेत दुसराच कुणी कसतोय त्यालाच एवढं घोकत बसायची सवड. बाकीच्यांनी राबायचं आणि कुणी कागद पुढे केला की अंगठा उठवायचा.

त्यांच्या खाली कुळं, कारागीर. त्याखाली नोबी, म्हणजे गुलाम. ते विकले जात, वारसाहक्काने वाटले जात आणि त्यांची पोरं गुलाम म्हणूनच जन्माला येत. आणि सगळ्यांच्या तळाशी बेकजोंग. जनावरं कापणारे, कातडं कमावणारे, टोपल्या विणणारे. त्यांनी वेगळ्या वस्तीत राहायचं, रेशीम अंगाला लावायचं नाही, घरावर कौलं चढवायची नाहीत, दुसऱ्याच्या शेंबड्या पोरापुढेही मान खाली घालायची. ओळखीचं वाटतंय ना? महाभारत, मनुस्मृती काही तिथे गेली नव्हती. तरीही गावकुसाबाहेरची वस्ती तिथे होतीच.

अशा देशात सेजोंग नावाचा राजा १४१८ साली गादीवर आला. १४४३ च्या शेवटी त्यानं अठ्ठावीस अक्षरांची एक नवी लिपी तयार केली आणि १४४६ साली ती जाहीर केली. नाव दिलं 'हुनमिन जोंगउम', म्हणजे जनतेला शिकवायचे योग्य उच्चार. प्रस्तावनेत तो थोडक्यात असं म्हणतो की, आमची बोली चीनपेक्षा वेगळी, चिनी अक्षरांत ती मावत नाही. साध्या माणसांना सांगायचं पुष्कळ असतं पण सांगता येत नाही. त्याचं मला वाईट वाटलं म्हणून ही अक्षरं केली, सगळ्यांनी ती सहज शिकावी आणि रोज वापरावी. सांगायचंय पण सांगता येत नाही! मुक्याची ही अवस्था आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाचं नाव 'मूकनायक' ठेवलं ते उगाच नव्हे.

आता अक्षरंच पाहू. जगातल्या बहुतेक लिप्या कुणी केल्या, कधी केल्या, हे सांगता येत नाही. त्या घासत घासत घडल्या. ही मात्र ठरवून, विचार करून केलेली लिपी आहे. मूळ व्यंजनं पाच, आणि ती तोंडाची चित्रं आहेत. 'ग' म्हणून बघा. जिभेचा मागचा भाग वर उठतो आणि घसा अडवतो. गाल कापून बाजूनं पाहिलं तर जीभ जशी दिसेल तसंच अक्षर आहे: वर आडवी रेघ, तिच्या उजव्या टोकापासून खाली उतरलेली दुसरी रेघ. 'न' म्हणा. जिभेचं टोक वर टेकतं. अक्षर म्हणजे उभी रेघ खाली येऊन उजवीकडे आडवी वळलेली. 'म' म्हणजे मिटलेलं तोंड, एक चौकोन. 'स' म्हणजे दात, तंबूसारख्या टेकलेल्या दोन तिरप्या रेघा. घशाचं अक्षर म्हणजे साधा गोल.

पुढची गंमत अशी की आवाजाला जोर चढला की अक्षराला रेघ चढते. 'ग'च्या पोटात एक आडवी रेघ टाकली की 'ख' झाला. 'न'वर एक रेघ ठेवली की 'द', आणखी एक टाकली की 'थ'. 'म'पासून 'ब', 'ब'पासून 'फ'. आपल्या बाराखडीत क आणि ख, त आणि थ यांच्या आवाजात नातं आहे. त्यांच्या वळणांत ते कुठे दिसतं का? पोराला प्रत्येक वळण वेगळं पाठ करावं लागतं. इथे नातं डोळ्यांना दिसतं. ख, थ, फ हे श्वासाचे आवाज आपल्या कानात लहानपणापासून बसलेले असतात, त्यामुळे ही जोडणी मराठी माणसाला चटकन कळते.

स्वर त्याहून सोपे. गोल ठिपका म्हणजे आकाश, आडवी रेघ म्हणजे जमीन, उभी रेघ म्हणजे दोहोंच्या मध्ये उभा राहिलेला माणूस. माणसाच्या उजव्या हाताला ठिपका दिला की 'आ'. जमिनीच्या वर दिला की 'ओ', खाली दिला की 'उ'. ठिपके दोन केले की 'या', 'यो', 'यु'. पुढे त्या ठिपक्याची आखूड रेघ झाली. आणि ही सगळी अक्षरं मालगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक लावायची नसतात. एका दमात उच्चारलेले आवाज एका चौकोनात बसवायचे. 'हान'मधले ह, आ, न एका घरात; 'गुल'चे तीन आवाज दुसऱ्या घरात. झालं हांगुल. अठ्ठावीसपैकी चार अक्षरं पुढे वापरातून गेली. आज मूळ व्यंजनं चौदा आणि स्वर दहा. सेजोंगच्या दरबारातल्या जोंग इन-जी ह्या पंडितानं त्याच वेळी लिहून ठेवलं की शहाण्याला ही अक्षरं सकाळ संपायच्या आत येतील आणि मठ्ठ माणसालाही दहा दिवसांत.

कोरियात निरक्षर माणसाला हिणवायची एक म्हण आहे. विळा समोर ठेवलाय तरी गियोक ओळखता येत नाही! गियोक म्हणजे पहिलं अक्षर, तोच 'ग'. त्याचा आकार विळ्यासारखा. म्हण विळा धरणाऱ्याला नावं ठेवते. मी ती उलट बाजूनं वाचतो. ज्याच्या हातात विळा होता त्याच्या हातात पहिलं अक्षर आधीपासूनच होतं. ते दाखवणारा भेटला नाही, आणि ज्यांनी दाखवायचं त्यांनी पिढ्यानपिढ्या दाखवलं नाही.

तोंडात आवाज कुठे तयार होतो त्यावरून अक्षरांचे वर्ग पाडायचे, ही रीत तुम्ही शाळेपासून ऐकलेली आहे. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य. ती इथून चीनला गेली. नेली कुणी? बुद्धाची सूत्रं भाषांतरित करणाऱ्या भिक्खूंनी. त्यांच्यामुळे चिनी पंडितांना आवाजाची चिरफाड करता आली, आणि चिनी पंडितांचे तेच ग्रंथ सेजोंगनं अभ्यासले. आणखीही एक वाट सांगतात. १२६९ साली तिबेटी लामा फाग्सपा यानं कुबलाई खानासाठी एक लिपी केली. ती तिबेटी लिपीवरून, आणि तिबेटी लिपी भारतीय लिपीवरून. हांगुलातल्या काही व्यंजनांची वळणं फाग्सपा लिपीवरून आली, असं अमेरिकन अभ्यासक गॅरी लेडयार्ड यांनी मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. अक्षरांच्या उगमाबद्दल अनेक तर्क चालत. कुणी तर ती दाराखिडक्यांच्या जाळीवरून काढली असंही म्हणत. १९४० साली मूळ ग्रंथाची स्पष्टीकरणासह छापलेली प्रत सापडली. जीभ, दात, ओठ, घसा ह्यांच्या आकारावरून अक्षरं केली, हे तिच्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. १९९७ साली युनेस्कोनं ती प्रत जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवली.

हे वाचून 'बघा, सगळं आमच्याकडूनच गेलं' म्हणत छाती फुगवणारे लगेच जमा होतील. त्यांना विचारा: ज्या उच्चारशास्त्राचा तुम्हाला एवढा अभिमान, ते समुद्रापलीकडे भिक्खूंनी पोचवलं; इथे वेशीपलीकडे तुम्ही का पोचू दिलं नाही? वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतायचा, ही आज्ञा गौतम धर्मसूत्रात आहे. वर्णमाला तुमच्याकडे होती आणि वर्णही तुमच्याकडेच होते.

हे खरं तर लिपीच्या सोपेपणाचं कौतुक करण्यासाठी लिहीत नाही. मला सांगायचंय ते पुढे आहे. इतकी सोपी, इतकी शास्त्रशुद्ध लिपी राजानं स्वतः दिली. मग लोक लगेच शिकले का? नाही. का नाही, त्याचं उत्तर १४४४ सालच्या एका निवेदनात सापडतं.

चोए मान-री हा राजाच्या विद्वत्सभेचा उपप्रमुख. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी नव्या लिपीविरुद्ध निवेदन दिलं. स्वतःची लिपी कुणाची असते? मंगोलांची, जपान्यांची, तिबेट्यांची. ते सगळे रानटी. आपण चीनसारखे सुसंस्कृत, मग आपण रानटी का व्हायचं? हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा खरा पोटातला. सत्तावीस-अठ्ठावीस अक्षरं शिकून कारकुनाला नोकरीत वर चढता आलं, तर संतांचे ग्रंथ घोकायचे कष्ट कोण करील? म्हणजे आम्ही जन्म घासला त्याची किंमत काय राहिली! तिसरा मुद्दा न्यायाचा. लोकांना आपला जबाब वाचता आला तर खोट्या खटल्यात माणूस अडकणार नाही, असं लिपीच्या बाजूनं म्हटलं जात होतं. चोए म्हणाला, चीनमध्ये बोली आणि लिपी एक आहे, तरी तिथे अन्याय होतोच. प्रश्न तुरुंगाधिकारी कसा आहे ह्याचा. त्यांच्यातल्या जोंग चांग-सोननं तर कळस केला. माणूस सदाचारी होतो की नाही हे त्याच्या उपजत गुणावर ठरतं, त्याच्या भाषेत पुस्तक देऊन काय उपयोग?

उपजत गुण! हे वाक्य कुठल्या देशात ऐकलं नाही सांगा. राखीव जागांवर बोलणारा प्रत्येक गुणवत्तावाला हेच बोलतो. पोराच्या तोंडून 'पानी' ऐकलं की वर्गभर हसणारा मास्तरही हेच बोलत असतो. सेजोंगनं ह्या मंडळींना एक रात्र तुरुंगात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. पुढची साडेचारशे वर्षं कारभार मात्र त्यांच्याच मनासारखा चालला. मोठी सरकारी परीक्षा चिनीतच राहिली. जमिनीचा कागद चिनीत, खटला चिनीत, इतिहास चिनीत. नव्या लिपीला नाव पडलं 'ओनमुन', गावंढळ लिखाण. बायकांची अक्षरं, पोरांची अक्षरं, असंही तिला म्हणत.

सेजोंगलाही डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. राजा तो राजाच. १४२८ साली जिन्जू गावात किम ह्वा नावाच्या माणसानं बापाचा खून केला. राजा हादरला. त्यानं १४३४ साली निष्ठावान प्रजा, आज्ञाधारक मुलगा आणि पतिव्रता बायको यांच्या गोष्टींचं सचित्र पुस्तक काढलं. मजकूर चिनी, वाचणार कोण? लोकांना वाचता यावं ह्यामागे हीही गरज होती, की वरचा उपदेश खाली उतरावा. तो दयाळू होता हे खरं. सरकारी गुलाम बायकांना बाळंतपणासाठी शंभर दिवसांची रजा त्यानं १४२६ साली दिली, १४३४ साली त्यांच्या नवऱ्यांनाही तीस दिवस दिले. पण गुलामी मोडली नाही. आणि बेकजोंग हे नाव तर त्याच्याच काळातलं. १४२३ साली ह्या बहिष्कृत लोकांना आधीचं हीन नाव टाकून साध्या रयतेचं नाव द्यायचं ठरलं. साध्या रयतेला तेव्हा बेकजोंग म्हणत. झालं काय? रयतेनं ते नाव स्वतः सोडून दिलं आणि तोच शब्द शिवी होऊन बसला. वरून बहाल केलेलं गोड नाव पाटीवर लागतं, उंबऱ्याच्या आत घेत नाही. 'हरिजन' ऐकून वाढलेल्या आपल्या बापजाद्यांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग ही लिपी जगली कशी? ज्यांना दरबारात जागा नव्हती त्यांनी ती उचलली म्हणून जगली. १४४९ साली, म्हणजे लिपी जाहीर होऊन तीनच वर्षांत, भिंतीवर नव्या अक्षरांत मजकूर झळकला. हा योन नावाच्या मंत्र्याला उद्देशून, की बाबा, पुन्हा सरकारी कामाचा विचका करू नकोस. दरबारच्या नोंदवहीत हे टिपलेलं आहे. राजानं उपदेश वाचण्यासाठी अक्षरं दिली, लोकांनी त्यांनीच मंत्र्याची हजेरी घेतली! १५०४ साली योनसानगुन ह्या जुलमी राजाविरुद्ध निनावी कागद फिरले, तेही ह्याच लिपीत. त्यानं ती शिकवायला आणि शिकायला बंदी घातली, पुस्तकं जाळायला लावली. दोन वर्षांत तोच गादीवरून गेला. जाळणाऱ्याला अक्षराची ताकद आपल्यापेक्षा लवकर कळते.

बायकांनी ह्या लिपीत पत्रं लिहिली, घराघरातून कादंबऱ्या वाचल्या, नकलून काढल्या. आणि बुद्ध. जोसोन राज्य बौद्धविरोधी होतं. विहार मोडले गेले, भिक्खूंची गणती हलक्या लोकांत झाली. तरी ह्या लिपीतल्या अगदी पहिल्या पुस्तकांत बुद्धाचं चरित्र आहे. सेजोंगच्या राणीच्या मृत्यूनंतर तिच्या स्मरणार्थ तिच्या मुलानं १४४७ साली ते तयार केलं. पंडितांना नको असलेला तथागत पंडितांना नको असलेल्या अक्षरांत लोकांपर्यंत गेला. आपल्या धम्मदीक्षेचा महिना ऑक्टोबर. दक्षिण कोरियात हांगुल दिनही ९ ऑक्टोबरला असतो. योगायोग आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा.

एकोणिसाव्या शतकात तोंघाक नावाची लोकचळवळ उठली. माणूस माणसासारखा, ही तिची शिकवण. तिचा संस्थापक चोए जे-उ यानं साध्या माणसांसाठी हांगुलात गाणी रचली. १८६४ साली सरकारनं त्याला ठार मारलं. १८९४ साली तोंघाकच्या शेतकऱ्यांनी हत्यारं उचलली आणि राज्य गदागदा हललं. त्याच वर्षीच्या सुधारणा बघा: गुलामगिरी कायद्यानं बंद, चिनी ग्रंथांची जुनी परीक्षा बंद आणि सरकारी हुकूम हांगुलात काढायचा आदेश. साडेचारशे वर्षं जे दरबाराला सुचलं नाही ते एका वर्षात सुचलं. १८९६ साली 'तोंगनिप सिन्मुन' हे वृत्तपत्र निघालं, सबंध हांगुलात. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडून छापायची पद्धतही त्यानं पाडली, म्हणजे नव्यानं वाचणाऱ्याचा श्वास अडू नये.

कायद्यानं बेकजोंग आता मोकळे. पण शाळा? पैसे असले तरी बेकजोंगाच्या पोराला शाळेत घेत नव्हते. त्या अपमानातून १९२३ च्या एप्रिलमध्ये 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. ह्योंगप्योंग म्हणजे तराजूचा समतोल. मांस तोलणाऱ्यांनी आपल्या धंद्याचा तराजू समतेची खूण केला. आणि गाव कुठलं? जिन्जू. तेच, जिथल्या खुनामुळे राजाला लोकांना उपदेश करावासा वाटला होता. पाचशे वर्षांनी त्याच जिन्जूतल्या सगळ्यात खालच्या माणसांनी राज्याला, समाजाला उपदेश केला. शिक्षण हा त्यांच्या मागण्यांतला मोठा भाग होता. तिकडे जपानमध्ये १९२२ साली बुराकूंची 'सुइहेइशा' उभी राहिली होती, आपल्याकडे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ साली महाड. ह्या तिन्ही ठिकाणची माणसं एकाच दशकात उठली, हा इतिहास आपल्या पोरांना कुठल्या पाठ्यपुस्तकात शिकवतात?

कोरिया तेव्हा जपानच्या टाचेखाली होता, १९१० पासून. 'हांगुल' हे अभिमानाचं नाव ह्याच काळातलं. भाषाअभ्यासक जू सी-ग्योंग ह्यांच्या भोवतालच्या मंडळींनी ते रुजवलं. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा हुसकली गेली, पुढे माणसांची नावंही जपानी करायची सक्ती आली. १९४२ साली शब्दकोश तयार करणाऱ्या कोरियन भाषा मंडळाच्या लोकांना पकडलं. गुन्हा काय, तर शब्द गोळा केले! ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगात मेले. कोशाचं हस्तलिखित जप्त झालं, ते १९४५ च्या सप्टेंबरात सोलच्या रेल्वे गोदामात सापडलं. १९४७ साली पहिला खंड निघाला.

आता एक आकडा नीट वाचा. १९४५ साली स्वातंत्र्य आलं तेव्हा दक्षिण कोरियात साधारण ७८ टक्के प्रौढ निरक्षर होते. सकाळ संपायच्या आत शिकता येणारी लिपी, तिला पाचशे वर्षं झालेली, आणि चारातल्या तिघांना वाचता येत नाही. कारण शाळा नव्हती, पोटाला सवड नव्हती आणि शिकून काही मिळेल अशी व्यवस्था नव्हती. पुढे गावोगाव वर्ग निघाले, शाळा सक्तीच्या झाल्या आणि दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटलं. लिपी तीच होती. तिच्यामागे राज्याची ताकद आणि लोकांची भूक प्रथमच एकत्र आली.

तरीही गोष्ट संपत नाही. १९४८ साली कायदा झाला की सरकारी कागद हांगुलात लिहायचे. पण कायद्याची पुस्तकं, वृत्तपत्रं चिनी चिन्हांनी भरलेलीच राहिली. सोलच्या प्योंगह्वा बाजारात जोन थे-इल हा शिंपी काम करायचा. शिक्षण अर्धवट. माळ्यांवरच्या बुटक्या खोल्यांत चौदा-चौदा तास मान मोडून शिवणाऱ्या कोवळ्या पोरी, छातीत धूळ, खोकल्यातून रक्त. त्याला कळलं की ह्या देशात कामगार कायदा आहे, १९५३ पासून आहे! त्यानं पदरचे पैसे घालून त्याचं पुस्तक आणलं. पानोपानी चिनी चिन्हं. रात्र रात्र बसून तो एकेक शब्द लावायचा. आपल्याला एखादा कॉलेजात शिकणारा मित्र असता तर किती बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. अर्ज केले, पाहण्या केल्या, मोर्चा काढला. कुणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या बावीसाव्या वर्षी, कायदा पाळा अशी मागणी करत त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. लिपी लोकांची झाली होती, कायदा झाला नव्हता. त्या दोहोंच्या मधल्या फटीत हा पोरगा जळाला.

त्याच्या मरणानंतर विद्यार्थी जागे झाले. त्याच्या आईनं, ई सो-सोन यांनी, त्याचं काम हातात घेतलं. २०११ साली वारेपर्यंत त्या कामगारांच्या आई म्हणून उभ्या राहिल्या. विद्यार्थ्यांनी कामगारांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. आणि १९८८ साली, हुकूमशाहीत नोकरीवरून हाकललेल्या पत्रकारांनी हजारो साध्या माणसांचे छोटे छोटे शेअर गोळा करून 'हानग्योरे' हे दैनिक काढलं. पहिल्या अंकापासून निव्वळ हांगुलात. लिपी जाहीर झाल्यापासून त्याला पाचशे बेचाळीस वर्षं लागली होती.

आता आपल्या दारात या. आपल्याकडे लिपीचा प्रश्न नाही असं वाटतं. देवनागरी येते, शाळा आहे. मग वस्तीत महापालिकेची नोटीस येते तेव्हा चार पदवीधर तिच्याभोवती कोंडाळं करून का उभे राहतात? 'निष्कासन' म्हणजे तुमचं घर पाडणार. 'अनुज्ञप्ती' म्हणजे परवाना. 'अभिहस्तांतरण' म्हणजे जागा नावावर करून देणं. अक्षरं आपली, शब्द पुन्हा त्यांचे. जनतेची मराठी म्हणून ही जी भाषा कचेरीत बसवली, ती आपल्या आयांना चिनीच आहे. त्यापुढे उच्च न्यायालयात गेलात की घटनेच्या कलम ३४८ नुसार इंग्रजी. माणसाच्या जगण्या-मरण्यावर बोलणं चालू असतं आणि तो माणूस मागच्या बाकावर वकिलाच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. इंग्रजी शिकाच. मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. ज्यांनी स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत घातली त्यांनी आपल्याला मायमराठीचे डोस पाजू नयेत. पण आपल्यातला एक इंग्रजी शिकून वर गेला म्हणून खालच्या शंभरांचा कागद त्यांना वाचता येत नाही.

चौदा-पंधरा वर्षांची मुक्ता साळवे १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते; फुल्यांच्या शाळेत तिला तीनच वर्षं झालेली असतात. तीन वर्षांत काय होऊ शकतं त्याचा हा पुरावा आहे. ती शाळा राजानं काढली नव्हती.

म्हणून जुन्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं: पोरांना कोरियन शिकू द्या. दुभाषी होऊन चार पैसे मिळवू द्या. फक्त त्यांना सेजोंगबरोबर चोए मान-रीही शिकवा, जिन्जूचे खाटीकही शिकवा आणि प्योंगह्वा बाजारातला शिंपीही. आणि पोरांना माझं सांगणं: चार दिवसांत परकी लिपी येते हे तुम्ही स्वतःला सिद्ध करून दाखवलंत. आता तीच बुद्धी दुसरीकडे लावा. पुढच्या रविवारपासून आपल्या अभ्यासवर्गात एक तास कागदांचा राहील. नोटीस, जबाब, रेशनचा अर्ज, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. एकेक कलम घ्यायचं, वस्तीच्या बोलीत लिहायचं, हातानं मोठ्या अक्षरांत उतरवून समाजमंदिराच्या भिंतीवर लावायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं, आणि पुढच्या खेपेला त्याच्याकडून वाचून घ्यायचं.

जोन थे-इलला एक शिकलेला मित्र हवा होता. तो वेळेवर आला नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत आज असा कुणीतरी कागद हातात धरून बसला आहे, आणि तुम्ही शिकलेले आहात. रविवारी सकाळी दहाला या. येताना घरातली एक सरकारी नोटीस घेऊन या.

जय भीम.